चौथी टीप कुठे गेली?

फळ्यावर विषय लिहिलाय तो ‘कंपनीची किंमत कशी ठरते?’ तो मीच कळवला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. तिथे पोचू, नक्की पोचू. पण त्याआधी मला एका तळटिपेबद्दल बोलायचंय. गेल्या उन्हाळ्यात मी एका इन्व्हेस्टमेंट बँकेत 10 आठवडे इंटर्न होते, आणि परत आल्यापासून भेटेल त्याला ही तळटीप ऐकवते आहे. मैत्रिणी आता मला पाहून जिना बदलतात. तुम्ही आपल्या पायांनी चालत आलात, तेव्हा तुमची सुटका नाही.

माझं म्हणणं असं की, इंटर्नला तिथे खरं म्हणजे एकच प्रश्न येत असला तरी पुरतो: हा आकडा आला कुठून? बाकी सगळं, म्हणजे माउसला हात न लावता एक्सेल चालवणं, हातानं भरलेला आकडा निळा आणि सूत्रातून आलेला काळा ठेवणं, हे दोन आठवड्यांत कुणालाही जमतं. निळा-काळा हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे म्हणा. निळा दिसला की समजायचं, हा कुणीतरी बाहेरून आणून ठेवलाय, त्याचा ठावठिकाणा विचारायला हवा.

आता थोडी पार्श्वभूमी. तुमच्यातले निम्मे अर्ज भरून बसलेत हे मला माहीत आहे, त्यांनी दोन मिनिटं डुलकी काढावी. एखाद्या कंपनीला ‘तुमची कंपनी विकून द्यायचं काम आम्हाला द्या’ असं सांगायला बँक जाते, तेव्हा जे बाड घेऊन जाते ते पिचबुक. त्यातलं एक पान कॉम्प्सचं. तशाच धंद्यातल्या, बाजारात नोंदलेल्या कंपन्या एका तक्त्यात मांडायच्या. प्रत्येकीची एंटरप्राइज व्हॅल्यू काढायची, म्हणजे शेअर्सचं एकूण मोल अधिक कर्ज वजा रोकड. तिला एबिटडानं भागायचं, म्हणजे व्याज, कर, घसारा वगैरे वजा करण्याआधीच्या कमाईनं. जे पट येतील, त्यांचा मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर बरोबर मधला येणारा आकडा, आपल्या कंपनीला लावायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त इथे शितं दुसऱ्याच्या भातातली असतात.

हे पान करतो इंटर्न. तपासतो अॅनालिस्ट, त्याच्यावर असोसिएट, मग व्हाइस प्रेसिडेंट, मग डायरेक्टर, मग मॅनेजिंग डायरेक्टर. व्हाइस प्रेसिडेंट हा शब्द ऐकून घाबरू नका, प्रत्येक मजल्यावर डझनभर असतात. मी आईला फोनवर म्हटलं, ‘आज व्हाइस प्रेसिडेंटनी माझं पान परत पाठवलं.’ ती म्हणाली, ‘एवढ्या मोठ्या माणसानं स्वतः?’ मी तिचा गैरसमज 10 आठवडे तसाच ठेवला.

तर सहावा आठवडा, रात्रीचे 11. आमचे व्हाइस प्रेसिडेंट छापील प्रत घेऊन माझ्या टेबलापाशी आले. ते पडद्यावर वाचत नसत, कागदावर लाल पेनानं वाचत. कॉम्प्सच्या पानाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, ‘एक, दोन, तीन, पाच. चौथी टीप कुठे गेली?’

मी चपळाईनं म्हटलं, ‘लगेच पाचाचे चार करते.’

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. ‘क्रमांक नाही विचारला. टीप कुठे गेली?’

मग शोध सुरू झाला. फाइलींची नावं सांगते, म्हणजे त्या रात्रीची कल्पना येईल: ‘व्ही 23’, ‘व्ही 23 फायनल’, ‘व्ही 23 फायनल 2’, आणि एकीचं नाव नुसतंच ‘हीच’. ‘हीच’ अर्थातच ती नव्हती. मी एकेक प्रत उघडत मागे मागे गेले. अडीचच्या सुमाराला ‘व्ही 14’मध्ये चौथी टीप सापडली. अक्षरं मुंगीएवढी: ‘कारखान्याची जागा विकून झालेला एकवेळचा नफा वगळून.’

मला वाटलं, सापडली, चिकटवू, झोपू. पण घोडं पुढेच अडलं. टीप तक्त्यातल्या एका कंपनीची होती. ‘व्ही 14’मध्ये तिचा एबिटडा 120 होता आणि आताच्या पानावर 150. (आकडे मी सोपे करून सांगतेय, खरे सांगायची परवानगी नाही.) एंटरप्राइज व्हॅल्यू 1200. म्हणजे टीप होती तेव्हा पट 10 होता, टीप गेली तेव्हा 8. तक्त्यात पाच कंपन्या. बाकीच्या चौघींचे पट 7.5, 9, 10.5 आणि 11. मांडून बघा. मधे 8 घातले तर मध्यक 9. 10 घातले तर मध्यक 10. आमच्या ग्राहक कंपनीचा एबिटडा 100 धरला, तर तिची किंमत 900 की 1000, हे एका मुंगीएवढ्या ओळीवर लटकलं होतं. जागा एकदाच विकता येते, ती दर वर्षी कमाई देत नाही. ती कमाईत धरली की भाजक फुगतो आणि पट खाली येतो. आम्ही त्या ग्राहकाकडे, त्याची कंपनी आहे त्याहून स्वस्त असल्याचं सांगायला, काम मागायला निघालो होतो.

आता हे केलं कुणी? अर्धं मी. दुपारी ‘शेअरचे भाव ताजे कर’ असा निरोप आला होता. मी ताजे करायचं बटण दाबलं, त्यानं भावांबरोबर एबिटडाही डेटाबेसमधून ओढून आणला, आणि हातानं दुरुस्त केलेला निळा 120 पुसला गेला. उरलेलं अर्धं आमच्या अॅनालिस्टनं. त्याला दिसलं की टीप म्हणतेय ‘नफा वगळून’ आणि आकड्यात तर नफा धरलेला आहे. माणूस प्रामाणिक. टीप आकड्याशी जुळत नाही, म्हणून त्यानं टीप काढली! आकडाही चुकू शकतो, हे दोन रात्री न झोपलेल्या माणसाच्या डोक्यात येत नाही. मला त्याचा अजिबात राग आला नाही. माझा आला.

न झोपण्यावरून आठवलं, सगळे तेच विचारतात. काम फार असतं म्हणून रात्र होते, हे अर्धसत्य आहे. दिवसभर वरचे लोक बैठकांत असतात. संध्याकाळी ते पिचबुक उघडतात, खुणा करतात, आणि त्या खुणा पायरी पायरीनं उतरत रात्री 10 वाजता सगळ्यात खालच्या पायरीवर येतात. दिवसभर आम्ही वाट पाहतो. 2015 मध्ये गोल्डमन सॅक्स या बँकेनं उन्हाळी इंटर्नना मध्यरात्र ते सकाळी 7 कार्यालयात थांबायचं नाही असं सांगितलं. उरले किती? 17 तास. त्याला मर्यादा म्हणायचं! 2021 मध्ये तिथल्याच पहिल्या वर्षाच्या 13 अॅनालिस्टनी आपसात पाहणी करून आठवड्याला सरासरी 95 तास भरतात असं मांडलं. 2024 मध्ये जेपी मॉर्गन या दुसऱ्या बँकेनं आठवड्याला 80 तासांची हद्द आखली, पण सौदा चालू असेल तर सवलत ठेवली. माझ्या मते तास मोजून काही होणार नाही, खुणा दुपारी 4 च्या आत खाली पाठवा असा नियम करा. असो, हे वेगळं व्याख्यान आहे.

तुम्ही म्हणाल, इंटर्नची एक चूक, त्याचं एवढं काय. तर ऐका. सप्टेंबर 2008, लेहमन ब्रदर्स ही बँक बुडालेली, तिचा काही धंदा बार्कलेज ही दुसरी बँक विकत घेतेय. कोणते करार घ्यायचे त्याची यादी एक्सेलमध्ये. नको असलेले करार काढले नव्हते, त्यांच्या ओळी नुसत्या लपवल्या होत्या. वकिलांच्या कचेरीत मध्यरात्रीच्या मुदतीआधी ती यादी नीटनेटकी करून पीडीएफ बनवली गेली, आणि लपलेल्या ओळी उघड्या पडल्या. 179 नको असलेले करार यादीत! मग कोर्टात अर्ज करत बसावं लागलं. ते काम ज्याच्याकडे आलं होतं तो कचेरीतला अगदी नवखा वकील होता. मला तो सख्खा भाऊ वाटतो.

आणि 2012 मध्ये जेपी मॉर्गनला लंडनच्या व्यवहारांत 600 कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला, तेव्हा त्यांच्याच चौकशी अहवालात निघालं की, जोखीम मोजणाऱ्या एक्सेलमध्ये एके ठिकाणी सरासरीनं भागायच्या ऐवजी बेरजेनं भागलं होतं. तोटा त्यानं झाला नाही, पण जोखीम होती त्याहून कमी दिसली. सूत्र काळं होतं, म्हणून कुणी...

चिठ्ठी आली. ‘5 मिनिटं’. बरं. कंपनीची किंमत कशी ठरते.

तीन रस्ते. कॉम्प्स झाले. दुसरा, पूर्वी झालेल्या सौद्यांचा: तशा कंपन्या पूर्वी कितीला विकल्या गेल्या. हा आकडा बहुधा कॉम्प्सच्या वर जातो, कारण पूर्ण ताबा घेणारा बाजारभावावर काहीतरी जादा मोजतो. तिसरा डीसीएफ: पुढची 5-10 वर्षं हाती येणारी रोकड अंदाजायची, आणि प्रत्येक वर्षाची आजच्या मोलात आणायची. त्यानंतरचा सगळा काळ एका आकड्यात कोंबायचा, त्याला टर्मिनल व्हॅल्यू म्हणतात. खरी मेख इथे आहे. अंदाज संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाच्या रोकडीला सूट-दर (पुढची रोकड आजच्या मोलात आणताना लावतात तो दर) वजा वाढीचा दर यानं भागतात. सूट-दर 9 टक्के, वाढ 2 टक्के, तर 7 टक्क्यांनी भागलं, रोकडीच्या सुमारे 14.3 पट. वाढ 3 टक्के धरली तर 6 टक्के, 16.7 पट. एक टक्का इकडेतिकडे आणि टर्मिनल व्हॅल्यू जवळजवळ 17 टक्क्यांनी वर! एकूण किमतीचा अर्ध्याहून जास्त भाग बहुतेक वेळा तिच्यातच असतो. आणि तो 3 कसा असतो? निळा. तेव्हा विचारा, आला कुठून.

शेवटी हे तिन्ही रस्ते आडव्या पट्ट्यांनी एका पानावर येतात, त्या पानाला फुटबॉल फील्ड म्हणतात. पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे किंमत, असं सांगायची पद्धत आहे. लिव्हरेज्ड बायआउट, म्हणजे मुख्यतः कर्ज काढून कंपनी विकत घेणं, राहिलं, ते चहाच्या वेळी.

मागून कुणी विचारतंय, बँकेला ते काम मिळालं का? नाही मिळालं. बैठकीला मला नेलं नव्हतं. पहाटे 5 ला छापलेल्या प्रती मी फक्त पेटीत भरून दिल्या. व्हाइस प्रेसिडेंट परत आल्यावर मी विचारलं, ‘कॉम्प्सच्या पानावर काय म्हणाले ते लोक?’

‘तिथवर पोचलोच नाही,’ ते म्हणाले, ‘वेळ संपला.’