पाळीवरून

[दृश्य : काळोख. दूर एक शेकोटी. पायवाटेवर हलणारा टॉर्चचा उजेड.]

डिसेंबरच्या अखेरीस गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पहाटे पाच वाजता दूरवर उजेड दिसला, तर तो बहुधा खळ्यावर धानाची राखण करणाऱ्याच्या शेकोटीचा असतो. आज मात्र एक टॉर्चही चालतो आहे. तो धरणारा तरुण एरवी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तो नवेगावबांधच्या तलावाचे छायाचित्र काढायला येतो, आणि गेली चार वर्षे त्याने तिपाई रोवण्याची जागा बदललेली नाही.

कॅमेरा त्याने रात्रभर घरात ठेवला नव्हता, तर बॅगेसह ओसरीत टांगून ठेवला होता. थंड झालेली काच उबदार, दमट हवेत नेली की तिच्यावर बाष्प धरते, आणि थंडीत उघड्यावर ठेवली तर दव बसते; यातले पहिले टाळता येते, दुसऱ्यावर मऊ सुती फडक्याखेरीज इलाज नाही. ते फडके तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो, म्हणजे कोरडे राहते. पहिल्या वर्षी हे ठाऊक नसल्यामुळे एका सकाळची सगळी छायाचित्रे पुसट आली होती आणि घरी जाऊन संगणकावर पाहीपर्यंत ते त्याच्या लक्षातही आले नव्हते.

[दृश्य : तिपाईचे पाय गवतात रोवले जात आहेत. बोटे. श्वासाची वाफ.]

पाळीवरचे, म्हणजे तलावाच्या बांधावरचे, दगड हलतात, म्हणून तिपाईचे पाय गवताच्या मुळांत दाबून बसवावे लागतात. उजाडण्यापूर्वीच्या प्रकाशात कॅमेऱ्याच्या आतला पडदा (शटर) तीन-चार सेकंद उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्या वेळात तिपाई जराही हलली, तर डोंगराची कड दुहेरी उमटते. बटण दाबताना बोटाचाही धक्का नको, म्हणून तो दोन सेकंदांचा टायमर लावतो आणि हात मागे घेऊन उभा राहतो. ते दोन सेकंद तो श्वासही रोखून धरतो, ज्याची खरे तर काही गरज नाही.

[दृश्य : पाण्यावरून उठणारे धुके. दीर्घ, स्थिर चित्र. येथे निवेदनात विराम.]

निरभ्र रात्री जमीन आणि हवा लवकर निवतात, पण एवढ्या मोठ्या साठ्यातले पाणी दिवसाची ऊब सहजी सोडत नाही. त्या उबदार पाण्याची वाफ वरच्या गार हवेत शिरताच बारीक थेंब होऊन धुके होते आणि सूर्योदयाच्या आगेमागे ते सर्वांत दाट असते. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक मात्र समोरचे सारे करड्या रंगाचे आहे असे धरून चालत असल्यामुळे पांढरे धुके मळक्या पाण्यासारखे दिसू लागते. म्हणून आमचा हा छायाचित्रकार उजेड मोजमापापेक्षा एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढवून घेतो. पाण्यावरची चकाकी मारणारा फिल्टर त्याच्या बॅगेत असतो, पण तो या जागी कधीच लावत नाही, कारण डोंगराचे प्रतिबिंब पुसून टाकले तर छायाचित्रात उरणार काय?

[दृश्य : उलटे डोंगर. अडई बदकांचा थवा पाण्यावर उतरतो. प्रतिबिंब मोडते.]

अडई उतरल्या. आता प्रतिबिंब जुळून यायला थोडा वेळ जाईल आणि तोवर बहुधा वारा सुटेल.

या डोंगरांना इथले लोक सातबहिणी म्हणतात. पाहणाऱ्याला वाटते की डोंगरांनीच हे पाणी ओंजळीत धरले आहे, आणि पर्यटकांच्या छायाचित्रांखाली निसर्गनिर्मित सरोवर असे लिहिलेले आम्ही पुष्कळदा वाचले आहे. ते चूक आहे. हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. कोहळी हे पूर्व विदर्भातले तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे लोक; चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी एवढे निश्चित, की तलाव बांधील त्याला जमिनीचा हक्क देण्याची रीत गोंड राजवटीत होती आणि त्या रीतीतून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटे तलाव, उभ्या राहिल्या.

[दृश्य : पाळीचा उतार. माती, मुरूम, झाडांची मुळे. सावकाश सरकणारा कॅमेरा.]

कोहळ्यांची करामत जागा हेरण्यात होती. दोन टेकड्या जिथे सर्वांत जवळ येतात, ती खिंड शोधायची, तेवढीच मातीच्या पाळीने बांधायची आणि बाकीचे काम डोंगरांवर सोपवायचे. म्हणून पाळीची लांबी पाहिली तर ती एवढे पाणी अडवत असेल यावर विश्वास बसत नाही. तलावाचा विस्तार १० चौरस किलोमीटरच्या पुढे आहे. पाळीच्या पोटातून पाणी सोडण्याच्या वाटेला तुडुम म्हणतात, तिथून ते पाटाने धानाच्या बांध्यांत जाते. जास्तीचे पाणी पाळीवरून न जाता बाजूच्या सांडव्याने जावे, अशी योजना असते, कारण मातीच्या पाळीवरून एकदा पाणी वाहू लागले की ती टिकत नाही. सांडवा वाहताना पाहण्याजोगा असतो, परंतु आमचे चित्रण हिवाळ्यातले आहे.

कोलू पाटलाला पुढे लोकांनी देव केले. कोलासुर या नावाने त्याची पूजा होते.

[दृश्य : काठावर बेशरमची जांभळट फुले, त्यांवर दव. मागे अस्पष्ट पाणी.]

१९५१ साली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि दरवर्षी पाळ चोपणारे, गाळ काढणारे हात अनेक ठिकाणी थांबले. गाळ वाढला, बेशरम माजली, मासळी घटली.

[दृश्य : ढिवराचा डोंगा धुक्यातून काठाला येतो. जाळे. वल्ह्यावरून ठिबकणारे पाणी.]

साडेसात. ऊन डोंगराच्या खांद्यावरून पाण्यावर आले आहे आणि धुके फाटू लागले आहे. डोंगा काठाला लावून एक वयस्क ढिवर वर येतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तरुण त्याला सकाळचे काम दाखवतो : सातबहिणी, धुके, आणि मधोमध त्याचाच डोंगा. म्हातारा बराच वेळ पाहतो आणि विचारतो, “बाबू, यात पार कोठी हाय?”

झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीत, पाळीला पार म्हणतात. चार वर्षांत काढलेल्या शेकडो छायाचित्रांपैकी एकातही ती नाही. तिच्यावर उभे राहूनच सारी काढलेली, मग ती चौकटीत येणार कशी?

[दृश्य : तरुण तिपाई उचलतो. पाळीच्या मागच्या अंगाने खाली उतरतो. कॅमेरा त्याच्या मागे.]

खाली, बांध्यांच्या बाजूला, धुके नाही आणि प्रतिबिंबही नाही. धान कापून नेलेले खुंट आहेत आणि समोर गवताने झाकलेला मातीचा उंच उतार, ज्याच्यामागे पाणी आहे हे इथून दिसत नाही. उजेड आता कडक झाला आहे. ही वेळ छायाचित्राची नाही, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले कळते. तो म्हाताऱ्याला पाळीवर उभे राहायला सांगतो, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. म्हातारा जाळे खांद्यावर टाकून उभा राहतो. टायमरचे दोन सेकंद.

[दृश्य : पाळीवर उभा माणूस. संगीत नाही. पक्ष्यांचा आवाज.]