शिवराईवरचं अर्धं अक्षर: सीमाभागातली तांब्याची नाणी

(पडद्यावर: तांब्याचा डबा कापडावर उलटा होतो. नाणी घरंगळतात.)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. या पट्ट्यात जुन्या घरातलं फडताळ उघडा नाहीतर देव्हारा हलवा, तांब्याचं एखादं नाणं निघतंच. एकाच डब्यात शिवाजी महाराजांच्या नावाची शिवराई, कंपनी सरकारचा पाव आणा, टिपूचा हत्तीछाप पैसा आणि गोव्याकडून घाट चढून आलेलं 'टांगा' नावाचं पोर्तुगीज नाणं. म्हैसूर, गोवा आणि मराठी मुलूख यांच्या मधोमध बाजारपेठा असल्यावर आणखी काय होणार?

नाणं बाहेर आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ह्याचं किती येतील हो?" उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट बघावी लागते. जे दिसत नाही, ते झिजून गेलंय की मुळात उमटलंच नव्हतं?

(दृश्य: शिवराई, अगदी जवळून.)

शिवराईची एक बाजू 'श्री राजा शिव', दुसरी 'छत्रपति'. शिवाजी महाराजांच्या काळात, 1674च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेली ही छाप पेशवाईतही चालू राहिली. ती पाडायची पद्धत हाताची. एक ठसा खाली पक्का बसवलेला, दुसरा हातात धरलेला, मधे तांब्याची चकती आणि वरून हातोडा. ठशाचा घेर बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे 'राजा'तला 'रा' नाण्यावर आला तर 'श्री' बाहेर राहायची. अशी अर्धी अक्षरं पाहून लोक म्हणतात, नाणं फार झिजलंय. तसं नसतं.

भिंग घ्या. नाण्याच्या काठाशी अक्षर अचानक तुटलंय, पण तुटेपर्यंत त्याच्या कडा टोकदार आहेत? मग ठसाच तिथे पडला नव्हता. अक्षराच्या कडा गोल झाल्यात, माथा सपाट होऊन आजूबाजूच्या पृष्ठभागात मिसळतोय? ती झीज. मधल्या भागात अक्षर पुसट आहे, पण तिथलं तांबं मूळ चकतीसारखं खडबडीत आहे, तर हातोडा कमी पडला. झिजलेली जागा गुळगुळीत लागते. बोटानं नव्हे, नजरेनं पाहा. बोटाच्या घामानं तांबं काळवंडतं.

आता ठशांकडे. ठसे हातानं कोरायचे, म्हणून एकासारखा दुसरा नाही. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे वेलांटी दीर्घ. उत्तर पेशवाईतल्या दुदांडी शिवराईवर ओळींच्या मधे दोन समांतर रेघा येतात. पण दोन नाणी एकाच ठशाची आहेत का, हे नुसत्या अक्षराच्या वळणावरून ठरवू नये. एकच कारागीर तेच वळण दहा ठशांत कोरेल. जागा मोजा: 'जा'चा काना नेमका कुठे संपतो, ठिपका कुठल्या अक्षराच्या किती जवळ आहे. ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर ती रेघ उठावदार येते. ओरखडा मात्र खोल गेलेला असतो. तो पुढे वापरात पडलेला, त्याचा ठशाशी संबंध नाही.

(दृश्य: हत्तीचा पैसा.)

टिपूच्या हत्तीचं तोंड कधी डावीकडे, कधी उजवीकडे. त्याच्या मौलूदी सनाचे, म्हणजे टिपूनं स्वतः सुरू केलेल्या कालगणनेचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे, हे माहीत नसेल तर सन उलटाच वाचला जातो.

कंपनीचा 1835चा पाव आणा यंत्रावरचा. वजन 100 ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. शिवराईच्या वजनात मुळातच फरक असतो, पण इथे तराजू खरं बोलतो: नाणं बरंच हलकं भरलं तर झिजलंय, नाहीतर नकली आहे. 1858च्या पाव आण्यावर कोरलेल्या पानांच्या हाराच्या टोकाला कुठे एक पान, कुठे दोन. संग्राहक यासाठी तासन्तास भांडतात. मला विचाराल तर तो वेळ शिवराईला द्यावा.

आणि रामदरबाराचं ते 'नाणं'. एका बाजूला राम-सीता, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818. आपल्याकडे पेशवाई बुडाली आणि बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला तेच साल, म्हणून ऐकणाऱ्याला खरंही वाटतं. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलं नाही. ते पूजेत ठेवायला हरकत नाही, पैसे मोजू नका.

(दृश्य: चिंचेचा कोळ, घासलेलं गुलाबी नाणं.)

सगळ्यात जास्त नुकसान करते ती आपली चिंच. दिवाळीत तांब्याची भांडी घासताना नाणंही घासलं जातं. आजी कौतुकानं दाखवतात, "बघा की, कसं लख्ख झालंय!" झालंय खरं, पण वरचा गडद थर गेला, अक्षरांच्या कडाही गेल्या. घट्ट बसलेला गडद हिरवा किंवा तपकिरी थर राहू द्या. जाणकार त्यालाच जास्त किंमत देतात. भुसभुशीत, फिकट हिरवी पूड पुसली तरी पुन्हा येत असेल, तर मात्र तांबं आतून खाल्लं जातंय. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा.

फोटो काढताना उजेड बाजूनं, तिरपा येऊ द्या. समोरच्या फ्लॅशनं अक्षरं सपाट दिसतात. नाणं ठेवाल त्या पाकिटावर वजन आणि व्यास लिहाच. शिवाय नाणं कुणाच्या घरातून आलं, कुठल्या गावचं, हेही लिहा.