धडकेची एक लाख पावलं

नमस्कार श्रोतेहो.

गाडी समोरून आदळते तेव्हा सगळा खेळ किती वेळात आटोपतो? सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शात. पापणी लवते न लवते तोच पत्रा चुरगळून झालेला असतो.

हाच क्षण आम्ही संगणकात घडवतो. गाडीचा पत्रा लाखो चौकोनांत विभागायचा, एकेक चौकोन पाचेक मिलिमीटरचा. पोलादातून धक्क्याची लहर सेकंदाला सुमारे ५,००० मीटर धावते, म्हणजे एक चौकोन ओलांडायला तिला सेकंदाचा दहा लाखावा भाग पुरतो. हिशेबाचं पाऊल याहून मोठं पडलं की गणित कोलमडतं. म्हणून एका धडकेसाठी संगणक लाखभर पावलं टाकतो आणि दर पावलाला कोणता चौकोन किती वाकला ते मोजतो. याला सिम्युलेशन म्हणतात. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपची, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी, चाचणी आहे. तिथे ताशी ६४ किलोमीटरनं खरी गाडी आदळवतात. तिथवर पोचण्याआधी ती संगणकात कितीतरी वेळा आदळून आलेली असते.

डिजिटल ट्विन याच्या पुढची गोष्ट. ट्विन म्हणजे जुळं, संगणकात राहणारं, आणि ते एका ठरावीक गाडीचं असतं. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी घ्या. एकाच दिवशी बनलेल्या दोन बॅटऱ्या, एक चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभी, दुसरी महाबळेश्वरला. उष्णतेनं पहिली लवकर थकणार. तिचं तापमान, व्होल्टेज, करंट सतत जुळ्याकडे येत राहतात, आणि जुळंही तिच्याबरोबर म्हातारं होतं.

संगणकाला प्रत्यक्षातली मापं द्यावी लागतात, हे मला पटलं ते एका ब्रॅकेटमुळे. ब्रॅकेट म्हणजे गाडीचा एखादा भाग जागेवर धरून ठेवणारा पत्र्याचा तुकडा. संगणकात ठणठणीत असलेला आमचा ब्रॅकेट खडबडीत रस्त्याच्या चाचणीत, त्याचा पत्रा जिथे वळतो तिथे, चिरला. आम्ही चार जण रात्रभर आकडे तपासत बसलो, चूक सापडेना. सकाळी चाकणला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, गेलो. तिथल्या अनुभवी कारागिरानं ब्रॅकेटच्या त्या वळणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "साहेब, दाबताना पत्रा इथे ताणला जातो."

मोजलं. ड्रॉइंगवर दीड मिलिमीटर, तिथे जेमतेम सव्वा. आम्ही मॉडेलला ड्रॉइंगवरची जाडी दिली होती. मोजलेली जाडी भरून पुन्हा चालवलं, तेव्हा पडद्यावर जास्त ताण दाखवणारा लाल डाग उमटला, नेमका चिरेच्या जागी.