रात्री बाराला दिवस कापू नका

बसा बसा, मागचे लोक पुढे या, पुढच्या खुर्च्यांना करंट नाही. विषय बोर्डावर लिहिलाय, शिफ्टवाल्यांचा ओव्हरटाइम कसा काढायचा, आणि अध्यक्षांनी मला आधीच कानात सांगितलंय की भरीत-पुरी साडेआठला गरम असते, नऊला नसते. म्हणजे टाइम ऑफिसात जन्म गेलेल्या माणसाला तुम्ही वेळ शिकवताय, चालू द्या.

हिशोब सांगतोच, पण त्याआधी मला रात्रीच्या बारा वाजण्याबद्दल बोलायचंय. आपल्याकडे एमआयडीसीत चटईवाले, पाइपवाले, डाळ मिलवाले, तिकडे भुसावळची रेल्वे, दीपनगरचं पॉवर स्टेशन, रात्री झोपतं कोण? माणूस सोमवारी रात्री दहाला जातो आणि मंगळवारी सकाळी सहाला सुटतो, तर घरी विचारलं कुठली ड्युटी केली तर तो सोमवारची नाईट म्हणतो, मंगळवारची कोणीच म्हणत नाही. हे बायकोला कळतं, पोरांना कळतं, मशीनला कळत नाही.

पूर्वी मस्टर, म्हणजे हजेरीची वही होती, मग अंगठ्याचं मशीन आलं. सॉफ्टवेअर बसवायला आलेला पोरगा एकदम हुशार, गळ्यात पट्टा, दिवसभर एसीत (मे महिना होता, बाहेर पंचेचाळीस, मीही सोडला नसता). तर या हुशार पोराने दिवस कुठे संपवला, तर कॅलेंडरसारखा रात्री बाराला! आता ऐका. एक हेल्पर होता आमच्याकडे, नाईटला होता, पण सेकंड शिफ्टचा माणूस लग्नाला पळाला म्हणून सुपरवायझरने त्याला दोन तास आधीच, आठला बोलावला, आणि सकाळचा रिलीव्हर आला दोन तास उशिरा, म्हणजे रात्री आठ ते सकाळी आठ, सलग बारा तास, आणि मंगळवार त्याचा वीकली ऑफ. मशीनने काय केलं? सोमवारी चारच तास, सबब हाफ डे, अर्धा पगार कट. मंगळवारी आठ तास, म्हणजे ओव्हरटाइम, आपली ओटी, शून्य. वर सुट्टीच्या दिवशी परवानगीशिवाय कामावर आला म्हणून मेमो! हसू नका, त्याने सही करून घेतला तो मेमो. आणि माझ्या खिडकीशी येऊन विचारतो, "भाऊ, मन्हा रातना तास कोठे गयात?"

मी साहेबांकडे गेलो, साहेब म्हणाले सिस्टीममध्येच तसं आहे. अहो पण कारखाने कायदा १९४८ चा, कलम ५७, तेव्हा कुठली सिस्टीम होती? त्यात सरळ लिहिलं होतं की पाळी मध्यरात्रीच्या पुढे गेली तर बारानंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि पुढचा दिवस म्हणजे पाळी सुटल्यापासूनचे चोवीस तास. सत्तर वर्षांपूर्वीच्या बाबूला जे सुचलं ते गळ्यात पट्टावाल्याला सुचलं नाही. मग अपडेट येईल, अपडेट येईल, आणि तोवर नाईटचं मस्टर आम्ही हातानेच लिहीत बसलो.

हो हो, दिसलं घड्याळ. पटापट सांगतो, लिहून घ्या.

महिन्याचा पगार समजा १५,६०० रुपये, त्यात बेसिक १०,४०० आणि बाकी भत्ते. त्याच जुन्या कारखाने कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीसच्या वर गेलं की दुप्पट दर. आमच्याकडे जेवणाचा अर्धा तास ड्युटीतच धरायचे, त्यामुळे त्या हेल्परचे दिवसाच्या हिशोबाने तीन तास, पण बाकीचे पाच दिवस आठ-आठ धरले तर आठवडा बावन्नचा, म्हणजे चार. दोन्ही जोडायचे नाहीत, जास्त असेल ते धरायचं. १५,६०० भागिले २६, म्हणजे सुट्ट्या सोडून महिन्याचे कामाचे दिवस, सहाशे, भागिले आठ, पंच्याहत्तर, दुप्पट दीडशे, चार तासांचे ६०० रुपये. कोणी ३० ने भागतो, मग ५२० होतात. कोणी भत्ते गाळून नुसत्या बेसिकवर काढतो, ४०० होतात. आणि ठेकेदार तर तेही सिंगलने देतो, २००. बोनस आणि ओटीचे पैसे त्यात धरायचे नसतात हे खरं, पण महागाई भत्ता गाळा असं कायद्यात कुठेच नाही.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, आल्यात, तिथे दिवस आठ तासांचा, पण दुप्पट दर आहे आणि रात्रपाळीचं कलमही आहे, तेव्हा कायदा बदलला म्हणून कोणी गंडवायला लागला तर ऐकू नका. सुरतला आपली निम्मी भावकी आहे म्हणून एवढं सांगतो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गुजरात सरकारने बारा तास काम आणि ओटी सिंगल असा आदेश काढला होता, सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० ला तो रद्द करून टाकला.

पगाराची स्लिप कोणाच्या खिशात असेल तर काढा, भागाकार इथेच करू. फक्त बेसिक कुठे संपतं आणि भत्ते कुठे सुरू होतात तिथे आधी पेनाने खूण करा, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.