सुताराच्या चित्राचा वास

श्रोतेहो, नमस्कार. आज एका चित्राबद्दल बोलायचंय, आणि त्या चित्रावरून केलेल्या अत्तराबद्दल. रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही आणि वासही पोचवता येत नाही. तेव्हा घटकाभर डोळे मिटा.

रात्र आहे. एक म्हातारा सुतार वाकून, दोन्ही हातांनी सामता फिरवत जाड लाकडाला भोक पाडतोय. समोर एक मुलगा, हातात मेणबत्ती. ज्योतीला त्यानं दुसऱ्या हाताचा आडोसा केलाय आणि उजेड त्याच्या बोटांतून आरपार आलाय. लहानपणी वीज गेली की बॅटरीवर तळवा धरून आपण तो लालसर उजेड पाहायचो, अगदी तसा. पायाशी एक कुरळी ढलपी पडलीय.

हा सुतार म्हणजे संत जोसेफ आणि मुलगा म्हणजे येशू. आजच्या फ्रान्समधल्या लॉरेनच्या जॉर्ज द ला तूर या चित्रकारानं 1640च्या दशकात हे चित्र रंगवलं. 1652मध्ये तो वारला आणि जग त्याला जवळजवळ विसरूनच गेलं. 1915मध्ये हर्मान फोस या जर्मन अभ्यासकानं त्याला पुन्हा उजेडात आणलं. हे चित्र 1948पासून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

याच लूव्रनं 2019मध्ये ब्युली या पॅरिसच्या अत्तरवाल्यांबरोबर एक सुंदर उपक्रम केला. आठ अत्तरकारांना सांगितलं, हवी ती कलाकृती निवडा आणि तिचं अत्तर करा. आठांपैकी कुणीही मोनालिसा घेतली नाही! कुणी व्हीनसचा पुतळा घेतला, कुणी फ्रेंच चित्रकार अँग्रची 1814ची ओदालिस्क, म्हणजे पूर्वेकडच्या जनानखान्यातल्या दासीचं चित्र. सिदोनी लान्सेसर या अत्तरकार बाईंनी हा सुतार निवडला.

मला ही निवड सगळ्यांत खरी वाटते. संगमरवराला वास कुठला? तिथे अत्तरकाराला सगळं मनानंच रचावं लागतं. ओदालिस्कच्या चित्रात धूपदाणी आहे, पण अँग्र पूर्वेकडे कधी गेलाच नव्हता. तो धूप त्याच्या कल्पनेतल्या महालातला. सुताराच्या चित्रात मात्र वास आधीपासूनच आहे. ताज्या कापलेल्या लाकडाचा, वितळणाऱ्या मेणाचा, कामानं आलेल्या घामाचा. अत्तरकारानं फक्त तो ओळखायचा.

या अत्तरात सीडारचं लाकूड आहे. पेन्सिलला टोक काढताना येतो ना, त्या जातीचा वास. लिंबासारखं ताजंतवानं व्हर्बिना आहे, ते बहुधा मुलासाठी. आणि व्हेटिव्हर आहे, म्हणजे आपण उन्हाळ्यात माठात टाकतो तो वाळा. फ्रेंचांनी उचललेला हा शब्दही मुळात तमीळ, वेट्टिवेर. ब्युलीची ही अत्तरं अल्कोहोलऐवजी पाण्यात करतात, त्यामुळे ती दुधट दिसतात आणि नाकाला झोंबत नाहीत. जवळ आलेल्या माणसालाच वास कळतो. रात्रीच्या या शांत चित्राला तेच शोभतं.

माझ्या भाचीनं पॅरिसहून एक बाटली आणली, तेव्हा मला आमच्या वाड्याशेजारचे सुतारकाका आठवले. त्यांच्या पडवीत सागाला रंधा मारला की तेलकट, चामड्यासारखा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. मी मनगट त्यांच्या नाकाशी नेलं. ते बराच वेळ गप्प होते.

"लाकूड आहे," ते म्हणाले, "पण साग नव्हे. हलकं, सरळ धाग्याचं. आणि यात वाळा कुणी घातला?"

मग मी त्यांना चित्र सांगितलं. म्हातारा, सामता, मुलगा, बोटांतून येणारा उजेड. खाली पडलेली ढलपीही सांगितली. ते एकदम सावरून बसले.

"पोराला म्हणावं, मेणबत्ती जरा वर धर. ढलपी लगेच पेट घेते."