मिशरी सुटताना डोक्यात काय होतं

नमस्कार श्रोतेहो.

तंबाखू सोडायची म्हणून कुणी गेलं की जाणकार डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात. सकाळी उठल्यापासून किती वेळात पहिली तंबाखू तोंडात जाते? अर्ध्या तासाच्या आत जात असेल, तर व्यसन खोल गेलंय असं ते धरतात. प्रश्न लक्षात ठेवा, उठल्यापासून किती वेळात.

तंबाखूतलं तलफ लावणारं रसायन म्हणजे निकोटीन. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्री दहाला शेवटचा बार भरला आणि सकाळी सहाला जाग आली, तर उरतो जेमतेम सोळावा हिस्सा. मेंदू रात्रभराचा उपाशी असतो, म्हणून सकाळची तलफ सगळ्यात जबर.

मेंदूतल्या पेशी ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून एकमेकींना निरोप देतात. हे रसायन जिथे येऊन बसतं, नेमक्या त्याच जागांवर निकोटीनही बसतं. मग डोपामीन नावाचं दुसरं रसायन सुटतं, आणि मेंदू नोंद करून ठेवतो की आत्ता जे केलं ते पुन्हा करायचं. भुकेल्याला भाकरी मिळाल्यावरही हीच नोंद होते. धुरातून निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तोंडातल्या तंबाखूतून जरा सावकाश, पण ते अंगात रेंगाळतं जास्त. तळहातावर मळताना आपण चुना घेतो, त्या चुन्यामुळे निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून भराभर शोषलं जातं.

रोजच्या माऱ्याने या जागा बधिर होतात आणि मेंदू आणखी जागा तयार करतो. पंगत वाढत जाते म्हणा ना. मग एक दिवस वाढपी आलाच नाही, की पानावर बसलेले सगळे एकदम ओरडायला लागतात. चिडचिड, डोकं दुखणं, झोप उडणं, कशात लक्ष न लागणं, ही सगळी ती ओरड. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. पुन्हा सांगतो, दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, आणि दोन-चार आठवड्यांत बहुतेकांची ओरड शमते.

आता माझ्या आत्याची गोष्ट सांगतो, तिची परवानगी घेऊनच सांगतोय.

आत्या निफाड तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे पंचवटीत राहायला आली. ऑपरेशन छान झालं. पण आत्या बिघडली. चहा पातळ म्हणून पेला सरकवून दिला. टीव्हीच्या आवाजावरून नातवंडांवर खेकसली. ज्या भावजयीशी कधी शब्दाला शब्द लागला नव्हता, त्या माझ्या आईला म्हणाली, "तुझ्या घरात मला करमंना, मला गाडीत बसवून दे." आई कोपऱ्यात जाऊन रडली. वडील म्हणाले, वय झालं की स्वभाव बदलतो.

दुसऱ्या दिवशी डोळा दाखवायला गेलो. तिथल्या सिस्टरने पट्टी सोडता सोडता आत्याच्या दातांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आजी, मिशरी लावता का?"

"लावते की. पोरगी होते तवापासून."

"मग तंबाखू बंद झालीय तुमची. त्याने असं होतंय."

आत्या उखडलीच. "मी कुठं तंबाखू खाते? दात घासते मी!"

डबी गावी फडताळात राहिली होती, आणि भावाच्या घरी मागायची तिला लाज वाटत होती. मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, हे ती स्वतःच्या हातांनी करत आली होती. भाजल्याने सगळं निकोटीन उडून जात नाही. ते हिरडीतून रोज मेंदूत जात होतं, डोळे उघडल्यापासून पाच मिनिटांच्या आत.

इथे मला राग येतो तो सांगतोच. घरातल्या पुरुषाच्या पुडीवरून भांडणं होतात, बाईच्या डबीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली सुमारे चोवीस मोठी माणसं बिनधुराची तंबाखू वापरणारी निघाली, धूर ओढणारी चारसुद्धा नाहीत. आणि तंबाखूचं व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मात्र सिगारेटचंच चित्र! गरोदर बाईच्या मिशरीने बाळाचं वजन कमी भरतं, हे प्रत्येक सासूला माहीत हवं. आणखी एक, लहान पोरांना पुडी आणायला दुकानात पाठवू नका. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, तरी आपणच त्यांच्या हातात नोट देतो.

तर आत्या. डॉक्टरांनी दंडावर चिकटवायची निकोटीनची पट्टी दिली. तिच्यातून निकोटीन संथ झिरपतं, तलफ भागते, पण मिशरीसारखी एकदम लहर येत नाही. आठवड्याभरात आत्या पूर्वीसारखी झाली. आईशेजारी बसून मेथी निवडू लागली. त्या दिवशी काय बोलले ते मनावर घेऊ नको, असं आईला आपणहून म्हणाली. वडिलांनी स्वभावाचा विषय पुन्हा काढला नाही.

महिनाभराने ती गावी परतली, आणि खरी परीक्षा तिथे होती. पहाटे उठून नेहमीच्या ओट्यावर बसली. शेजारच्या बायका डब्या घेऊन आल्या, गप्पा सुरू झाल्या. आत्या सांगते, "माझं बोट आपसूक दाताकडं गेलं. बोटावर काही नव्हतं, तरी गेलं. तोंडाला पाणी सुटलं."

मिशरीचं निकोटीन अंगातून कधीच निघून गेलं होतं. पण ओटा, पहाट, त्या बायकांचे आवाज, हे सगळं डोपामीनच्या नोंदीत मिशरीशी बांधलेलं होतं. ओटा दिसला की मेंदू मिशरीची वाट बघायला लागतो. सोडलेलं व्यसन महिन्यांनी परत येतं ते बऱ्याचदा असं. त्याला मनाचा कच्चेपणा म्हणू नका. 2007 साली अमेरिकेत आयोवातल्या संशोधकांना असे रुग्ण आढळले, की पक्षाघाताने मेंदूतला इन्सुला नावाचा भाग दुखावला आणि त्यांची सिगारेटची ओढच मिटली. इतकी ही ओढ मेंदूच्या मांसात रुजलेली असते.

आत्याने मग सकाळच बदलली. ओट्यावर बसायचं नाही. परसदारी साध्या दंतमंजनाने दात घासायचे, चूळ भरली की लगेच शेळ्या सोडायच्या. गप्पांना बायकांकडे जायचं ते दुपारी, डब्या बंद असतात तेव्हा. शेजारणी आधी रुसल्या, मग त्यांच्यातल्या एकीने विचारलं, ती पट्टी कुठं मिळते?

पट्टी आणि निकोटीनचं च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळतं, पण किती आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारूनच. घरात कुणी सोडत असेल तर पहिले तीन आठवडे त्याच्या बोलण्याचा राग धरू नका. आणि सरकारचा मोफत मदत क्रमांक लिहून घ्या, पेन शोधा, मी थांबतो. 1800-11-2356. पुन्हा सांगतो. एक आठ शून्य शून्य, एक एक, दोन तीन पाच सहा. नमस्कार.