लाकडी पिंप आणि कच्चे दूध

कच्च्या दुधाच्या पदार्थांतील उपयुक्त जिवाणूंचा विषय निघाला की बोलणे हमखास पोटाच्या आरोग्याकडे वळते. मी आज एका भांड्याविषयी बोलणार आहे. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागातील कांतालच्या डोंगरात १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर या काळात, गाई कुरणात चरत असताना, सालेर नावाचे चीज शेतावरच तयार होते. धारा काढल्यावर दूध न तापवता आणि न थंड करता मोठ्या लाकडी पिंपात ओततात. या पिंपाला तिथे झेर्ल म्हणतात. दुधाला गाईच्या अंगाची ऊब असतानाच त्यात दूध घट्ट करणारे रेनेट हे विकर पडते, आंबवणारे जिवाणू मात्र बाहेरून घालत नाहीत.

ते येतात पिंपातूनच. पिंपाच्या आतल्या लाकडावर लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा आणि यीस्टचा पातळ, चिकट थर वर्षानुवर्षे जोपासलेला असतो, आणि दूध ओतल्याबरोबर त्यातले जिवाणू दुधात मिसळू लागतात. आपण उकळलेल्या दुधात विरजण लावतो, तेच काम इथे भांडे करते. सिसिलीतील रागुसानो चीजच्या लाकडी पिंपांची तपासणी झाली तेव्हाही प्रामुख्याने स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस हा लॅक्टिक आम्ल तयार करणारा जिवाणू सापडला, आणि रोगकारक जिवाणू मात्र आढळले नाहीत.

लाकूड म्हणजे घाण, ही समजूत तरीही चिवट आहे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात मऊ चीजमधून लिस्टेरिया या रोगकारक जिवाणूचा संसर्ग पसरून अनेक बळी गेले, त्यानंतर कनेक्टिकटमधील एका मठात चीज बनवणाऱ्या सिस्टर नोएला मार्सेलिनो यांना लाकडी पिंप काढून स्टीलचे भांडे वापरायला सांगण्यात आले. त्यांनी वाद घालण्याऐवजी प्रयोग केला: दोन्ही भांड्यांतील दुधात मुद्दाम ई. कोलाय जिवाणू सोडले. स्टीलमधल्या चीजमध्ये ते भरपूर वाढले, लाकडातल्यात जवळपास उरलेच नाहीत. कारण सरळ आहे. लॅक्टिक जिवाणू दुधातील साखर आधी फस्त करतात, आम्लता झपाट्याने वाढवतात, आणि त्यांच्यातले काही नायसिनसारखी प्रतिजैविक प्रथिनेही सोडतात.

यावरून कच्चे दूध आपोआप निर्धोक ठरत नाही; असे म्हणणारे प्रचारक मला उथळ वाटतात. क्षयरोग आणि ब्रुसेलोसिस हा जनावरांपासून माणसाला होणारा आजार दुधातून पसरतात, म्हणूनच आपल्या घरांत दूध आधी उकळतात. शेतावरचे कच्चे दूध पिणाऱ्या युरोपीय मुलांमध्ये दम्याचे प्रमाण कमी आढळले आहे, पण ते अभ्यास करणारे संशोधकही कच्चे दूध प्यावे असे सांगत नाहीत. चीजचा हिशेब वेगळा असतो, कारण आम्लता, मीठ आणि काळ हे तिन्ही उपयुक्त जिवाणूंच्या बाजूने काम करतात. सालेर तर किमान तीन महिने मुरल्याखेरीज विक्रीला येत नाही. मऊ, कमी मुरलेल्या आणि पाणी जास्त असलेल्या चीजला ही सवलत नाही, आणि लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो, त्यामुळे गरोदर स्त्रियांनी कच्च्या दुधाचे मऊ चीज टाळावे, हा डॉक्टरांचा सल्ला मी विनातक्रार मान्य करतो.